वॉशरचे लोकार्पण

आपल्याकडे देणगी देण्याआधी गावाची गरज कोणी मोजत नाही, फलकाला जागा किती आहे ते मोजतात. शाळेला शुद्ध पाण्याचे यंत्र मिळते, कारण त्याच्या दर्शनी पत्र्यावर दात्याचे नाव, कंपनीचे बोधचिन्ह आणि आमदारांचा हसरा फोटो दाटीवाटीने का होईना, बसतो. फिल्टर बिचारा आत असतो. तो बदलायला पैसे लागतात, पण तिथे फोटो दिसत नाही. मग यंत्र बंद पडते आणि फलक तेवढा शाबूत राहतो. 2013च्या कंपनी कायद्याचे कलम 135 मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजासाठी खर्चायला लावते, आणि कारभाराच्या परिसराला प्राधान्य द्या असेही सांगते. परिसर किती किलोमीटरचा, हे मात्र सांगत नाही. त्यामुळे तो साहेबांच्या गाडीच्या सोयीने आखला जातो. शिवाय आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपते, म्हणून शाळेचे वर्ष सरत आले की दप्तरे वाटायची.

याउलट गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आधी नवजात बाळांचे मृत्यू मोजले, त्यांची कारणे शोधली आणि गावातल्याच बायकांना बाळाचे वजन करायला, त्याला ऊब द्यायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवले. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. पैसा इथे प्रशिक्षणावर, मानधनावर आणि घरोघरच्या फेऱ्यांवर लागतो. फीत कापावी असे त्यात काहीच नाही.

यावर कोणी म्हणेल, नाव लावले म्हणून बिघडले काय? काहीच नाही. माहीमच्या कॉजवेसाठी लेडी आवाबाई जमशेटजींनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले, त्यांचे नाव रस्त्याला आजही आहे. पण देताना त्यांनी अट घातली ती टोल न घेण्याची. 1845मध्ये पूल खुला झाल्यावर त्यावरून जाणाऱ्या गरिबाचे काय, याचा विचार बाईंनी आधीच केला होता. दुसरा आक्षेप असा, की ज्याचा पैसा त्याची मर्जी. मान्य, पण देणगीवर करसवलत घेतली की त्यातला काही वाटा सरकारी तिजोरीने, म्हणजे देणगी न देणाऱ्यांनीही उचललेला असतो. मग हिशेब विचारायचा हक्क त्यांनाही मिळतो.

तरीही दात्यांचा स्वभाव बदलेल अशा भ्रमात कोणी राहू नये. त्यापेक्षा देखभालीलाच फलक द्यावेत. परिचारिकेच्या टेबलावर ‘एप्रिलचा पगार अमुक उद्योगसमूहाच्या सौजन्याने’ अशी पाटी ठेवावी. नळाचा वॉशर बदलला तरी मांडव घालावा, शाल-श्रीफळ द्यावे आणि आमदारसाहेबांनी नळ सोडून पुन्हा बंद करून दाखवावा. बंद झाला, तर पहिल्या पानावर बातमी द्यायला आमची हरकत नाही.