पाव्हणं, कुठलं म्हनायचं?

दोन अपरिचित इसम एका रांगेत उभे राहिले, म्हणजे परस्परांशी न बोलण्याचा जो मूक करार त्यांच्यात आपोआप होतो, त्याला सांगली जिल्ह्यातील कुंडल गावी मान्यता नाही. आणि त्या कराराचा भंग करण्याची मुखत्यारी ज्याने आपण होऊन शिरावर घेतली आहे, तो ओळखकाढू गृहस्थ चावडीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत आणि सोसायटीच्या पायरीपासून एस.टी.च्या थांब्यापर्यंत सर्वत्र, परंतु सदैव आपल्याच शेजारी, आढळतो.

सातबाऱ्याचा उतारा काढावयास आलेला परगावचा मनुष्य भिंतीवरील जुनी नोटीस पुन्हा पुन्हा वाचण्याचे सोंग करीत असता, "पाव्हणं, कुठलं म्हनायचं?" ही प्रस्तावना कानी पडते. गाव सांगितले की गल्ली, गल्ली सांगितली की मामाचे गाव. आडनाव सांगून सुटका करून घ्यावी, तर ज्या गावाने क्रांतिअग्रणी जी. डी. बापू आणि प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे कॅप्टन रामचंद्र हे दोन्ही लाडच दिले, तेथे नुसत्या आडनावावर कोणाची बोळवण होत नाही. अखेर "आमचं इकडं कोणी नाही" असे त्राग्याने म्हणावे, तर ही जबानी तो ग्राह्यच धरीत नाही. "कोन न्हाई कसं? आवो, तुमच्या मामाच्या गावात आमच्या साडूची भाची दिलीया!"

एवढे नाते शाबीत होताच उलटतपासणीस कायदेशीर अधिष्ठान प्राप्त होते. जमीन किती, पैकी बागायत किती, ऊस कोणत्या कारखान्याला जातो, थोरला मुलगा काय करतो आणि त्याचे लग्न का अडले, हे प्रश्न तो अशा खणखणीत आवाजात विचारतो की रांगेतील उर्वरित मंडळी आपोआप पंच होतात. त्यांतील एक जण उताऱ्याचे कारण ताडून "वाटणी दिसतीया" असा शेरा मारतो, दुसरा भावकीच्या तंट्याविषयी हळहळतो, आणि उतारा हाती पडेपर्यंत, ज्यास भाऊच नाही अशा त्या अर्जदाराला चार अनोळखी माणसे भावाशी समेट करण्याची मसलत देऊन मोकळी होतात. मोबाइल कानाला लावून बोलण्याचे नाटक केले, तरी उपयोग नाही, ते संपेपर्यंत तो थांबतो आणि मग "कुनाचा फोन?" म्हणून विचारतो. वार्षिक कुस्ती मैदानाच्या दिवशी तर त्याचे हाल पाहवत नाहीत. आखाड्यात कोण चीत झाला यापेक्षा शेजारी बसलेला कोणाचा कोण, हीच त्याची चिंता.

तथापि त्यास केवळ उपद्रवी समजणे अन्यायाचे होईल, कारण त्याच्या चौकसपणामागे गावाचा इतिहास उभा आहे. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील येथल्या ओसाड माळावर कारखाना उभारला आणि परमुलखातील माणसे 'कुंडल रोड' स्टेशनावर उतरू लागली. पुढे ते स्टेशनच किर्लोस्करवाडी झाले, ही हकिकत तो दत्तक गेलेल्या पुतण्याविषयी बोलावे तशा स्वरात सांगतो. मग 1943 ते 1946 या काळातले ब्रिटिश सत्तेविरुद्धचे प्रतिसरकार आले. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या त्या चळवळीचे कुंडल हे प्रमुख केंद्र. तेव्हा दारी आलेला अनोळखी मनुष्य भूमिगत कार्यकर्ता की पोलिसांचा खबऱ्या, याच्या पारखीवर प्राण अवलंबून असत. त्या चौकशीचा वारसा आपणाकडे आला आहे, असे त्याचे म्हणणे. भेद इतकाच की त्या पिढीला मिळालेली माहिती पोटात ठेवावी लागे, आणि याने मिळविलेली माहिती गिरणीतून पिठाच्या डब्याआधी घरोघर पोहोचते.

परंतु दस्तावर ओळख पटविणारा साक्षीदार ऐन वेळी न आल्यामुळे हवालदिल झालेल्या परक्या माणसासाठी स्वतःचे काम टाकून पुढे होणारा आणि "ह्ये आमचंच पाव्हणं" म्हणून बेधडक सही ठोकणारा हाच गृहस्थ असतो, हे नमूद केले पाहिजे. सबब कुंडलास कामानिमित्त जाणाऱ्याने कागदपत्रांबरोबर मामाचे गावही तयार ठेवावे आणि ते खरे सांगावे. कारण खोटे सांगितले, तर त्या गावातही त्याचा एक साडू निघतोच.