शाल, श्रीफळ आणि फक्की

वाशिम जिल्ह्यात सोयाबीन घरात आलं की पाठोपाठ दोन पिकं उभी राहतात: एक कबड्डीच्या खुल्या सामन्यांचं, दुसरं सत्कारांचं. पैकी पहिलं एखाद्या वर्षी बुडतं. दुसरं बुडाल्याचं अजून कुणी ऐकलेलं नाही. त्याला पाऊस लागत नाही, पीकविमा लागत नाही, फक्त माईक लागतो.

रिसोड असो की मानोरा, सामन्याच्या रात्रीचा क्रम ठरलेला. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष पाहुणे आणि यातल्या कशातच न बसणाऱ्यांसाठी ‘प्रमुख उपस्थिती’. फ्लेक्सवर इतके फोटो की लढत कोणत्या दोन संघांत आहे हे लिहायला जागा उरत नाही. प्रत्येकाला शाल, नारळ, मोमेंटो. खेळाडू तोवर हाफपँट-बनियनवर थंडीत हात चोळत उभे. शालीची गरज कुणाला आहे, हे मंडपामागच्या कुत्र्यालाही कळतं. संयोजन समितीला कळत नाही.

आता ज्याच्यामुळे वावराचं मैदान होतं, त्या गड्याकडे वळू. मंडळात त्याला पद नाही. सगळे ‘फक्कीवाला’ म्हणतात. दुपारीच तो सुतळी, खुंट्या आणि फक्कीचं, म्हणजे रेघा आखायच्या पांढऱ्या भुकटीचं, घमेलं घेऊन हजर. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. मग तो कर्ण मोजतो. दोन्ही कर्ण १६ मीटर ४० सेंटिमीटर भरले तर मैदान काटकोनात. नाही भरले तर खुंट्या उपटून पुन्हा श्रीगणेशा. महिलांचा सामना असला की मैदान १२ बाय ८, म्हणजे जुनी रेघ पुसा, नवी ओढा. मध्यंतराच्या पाच मिनिटांत खेळाडू पाणी पितात, पंच घाम पुसतात आणि हा तुडवलेल्या रेघांवर परत फक्की मारतो. सदा वाकलेला असल्यामुळे एकाही फोटोत त्याचं तोंड दिसत नाही.

इथेच घोडं अडतं. शासन कार्यकर्त्याला विसरलं, असं मात्र कुणी म्हणू नये. जिल्हा क्रीडा पुरस्कारांत खेळाडू आणि मार्गदर्शकांबरोबर अनेक वर्षं गुणवंत संघटक-कार्यकर्त्यालाही प्रमाणपत्र, स्मृतिचिन्ह आणि रोख १० हजार रुपये दिले गेले. अट एवढीच की आपण गुणवंत आहोत, हे ज्याचं त्याने विहित नमुन्यात कळवायचं; सोबत पुरावे जोडायचे. फक्कीवाल्याला म्हटलं, अर्ज कर. तो म्हणाला, “भाऊ, पुरावा कायचा देऊ? रेघ तं सामना संपेपर्यंत पुसून जाते.”

मंडळाच्या कार्याध्यक्षांची तशी अडचण नाही. त्यांची फाइल कात्रणांनी फुगलेली आहे आणि प्रत्येक कात्रणात ते नारळ फोडत आहेत. त्यांचा प्रस्ताव क्रीडा खात्याकडे कशाला, नारळ विकास मंडळाकडेच जायला हवा.

कबड्डीमहर्षी बुवा साळवी यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो आणि राज्य संघटना त्या दिवशी जुन्या कार्यकर्त्यांचा सन्मानही करते. पण आमची विदर्भ कबड्डी असोसिएशन वेगळी. वेगळा विदर्भ आम्हाला कबड्डीत आणि क्रिकेटमध्ये कधीचाच मिळाला आहे. रणजी करंडकही तीनदा आणून झाला. राहिलं आहे ते राज्य, आणि फक्कीवाल्याचा चहा.

सन्मानाला उशीर होतो म्हणून कुढण्यात अर्थ नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला मल्ल खाशाबा जाधव पोहोचले ते गावकऱ्यांच्या वर्गणीवर आणि त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या सात हजारांवर. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. अर्जुन पुरस्कार आला २००१ साली, त्यांच्या निधनानंतर सतरा वर्षांनी. प्रत्यक्ष पदकवाल्याची ही कथा, तर घमेलंवाल्याने घाई का करावी? आणि खर्डेकरांनी तरी ‘घर गहाण’ हे अर्जाच्या कोणत्या रकान्यात भरलं असतं?

लंडनवाले या बाबतीत अगदीच कच्चे. २०१२ च्या ऑलिम्पिकला त्यांनी ७० हजार स्वयंसेवक घेतले. पगार नाही, पण गणवेश दिला, कामाच्या दिवशी जेवण दिलं, शहरातल्या प्रवासाचा पास दिला. एवढ्या खर्चात किती शाली आल्या असत्या!

तरीही येत्या मोसमासाठी आमची एक नम्र सूचना. निम्म्या शाली खेळाडूंच्या अंगावर घाला. उरलेल्या निम्म्या घेऊच नका. त्या पैशांत फक्कीवाल्याचं एसटीचं भाडं, चहा-नाश्ता आणि रेघा मारायची चाकाची गाडी सहज बसते. शेवटचं म्हणजे, नारळ फोडण्याआधी उद्घाटकांनी खाली वाकून सुतळीचं दुसरं टोक धरावं आणि कर्ण जुळल्याशिवाय माईक हाती घेऊ नये. सामने वेळेवर सुरू होतील याची हमी नाही. मात्र जिल्हा प्रशासनाने तयारीत राहावं: पुढच्या हिवाळ्यात सहाही तालुक्यांत उद्घाटकांची टंचाई जाहीर करावी लागेल.