बारा लाखांच्या अलीकडे

१ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थसंकल्पाचं भाषण पुरतं संपायच्या आत ज्यांनी पेढे आणले, त्यांत मी होतो. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य, पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट वेगळी. म्हणजे पावणेतेरा लाखांपर्यंत मोकळं रान! माझा पगार वर्षाला १२ लाख ६० हजार. निर्मला सीतारामन यांनी भाषण लिहिताना माझी सॅलरी स्लिप शेजारी ठेवली असणार, याबद्दल मला शंका उरली नाही. आधीच्या वर्षीच्या दराने मला ८० हजार ८६० रुपये कर बसत होता. बायकोने डबा उघडून पेढे मोजले आणि विचारलं, "हे त्यातूनच वजा करायचे ना?"

त्या दिवसापासून नाशिकच्या आमच्या सोसायटीत मी करसल्लागार झालो. नेमणूक माझी मीच केली होती. तळमजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. पेन्शन आठ लाख, आणि जुने शेअर विकून तीन लाखांचा नफा व्हायचा होता. आठ आणि तीन अकरा, बाराच्या आत, कर शून्य, असं मी लिफ्टचं दार एका हाताने धरून सांगून टाकलं. त्यांनी शेअर विकले. शेअरच्या दीर्घकालीन नफ्याला ही सूट लागू नाही, पहिले सव्वा लाख सोडून उरलेल्यावर साडेबारा टक्के भरावेच लागतात, हे त्यांना त्यांच्या सीएने सांगितलं. उपकरासकट पावणेतेवीस हजार झाले. तेव्हापासून मी लिफ्टमध्ये शिरलो की ते जिन्याने जातात. गुडघे दुखतात त्यांचे, तरी.

माझी स्वतःची पाळी एप्रिलमध्ये आली. मुलीच्या शिक्षणासाठी म्हणून माझ्या नावावर सात लाखांची एफडी होती, सात टक्क्यांची. तिचं वर्षाचं व्याज ४९ हजार. दुधाच्या बिलाच्या मागच्या बाजूला मी हिशेब मांडला. पगार १२,६०,०००, वजा ७५,०००, राहिले ११,८५,०००. त्यात ४९,००० मिळवले की १२,३४,०००. बारा लाख ओलांडले की सूट संपली, आणि कर चार लाखांच्या पुढच्या प्रत्येक टप्प्यावर लागतो. तो झाला ६५,१००. मी गार पडलो. मग 'मार्जिनल रिलीफ' वाचलं. बारा लाखांच्या वर जेवढी रक्कम गेली असेल, त्याहून जास्त कर घ्यायचा नाही अशी ती तरतूद. म्हणजे माझे वरचे ३४,००० सरकारने सगळेच्या सगळे घ्यायचे, पण त्याहून एक रुपया जास्त नाही. शिवाय त्यावर ४ टक्के उपकर, १,३६०. थोडक्यात, वरचे ३४ हजार कमावल्याबद्दल मला १,३६० रुपये पदरचे घालायचे होते. दिलासा तो हाच.

माझ्या गणिताप्रमाणे ही दलदल साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत पसरलेली आहे. तिच्यात पाय पडू नये म्हणून माणूस काय काय करतो! एप्रिलच्या शेवटी साहेबांनी पगारवाढीसाठी केबिनमध्ये बोलावलं. "या वर्षी फार काही देता येणार नाही," अशी त्यांनी पडेल आवाजात सुरुवात केली. मी म्हणालो, "साहेब, नाही दिलंत तरी चालेल." उभ्या नोकरीत माझ्या कुठल्याही सूचनेवर इतक्या तातडीने अंमलबजावणी झाली नव्हती. ते टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. माझ्या वाट्याची वाढ डिस्पॅचमधल्या एका तरुणाला मिळाली. त्याला मी अजून नीट गुड मॉर्निंग म्हणू शकलेलो नाही.

वाढ टळली तरी एफडी उरलीच होती. ती मी मोडली. मुदतीआधी मोडल्याने व्याजदर एक टक्का कापला गेला, पण मोठ्या लढाईत एवढं चालायचंच. पैसे बायकोच्या खात्यात टाकले आणि तिच्या नावाने नवी एफडी केली. ती घरून भाजणी आणि चकलीच्या ऑर्डरी घेते, तिचं उत्पन्न चार लाखांच्या खूप आत. या युक्तीवर मी इतका खूश होतो की सीएंना मुद्दाम सांगायला गेलो. ते लाडू खात होते. लाडू संपवून म्हणाले, "क्लबिंग."

नवऱ्याने बायकोला पैसे दिले आणि त्यावर व्याज आलं, तर ते नवऱ्याच्याच उत्पन्नात धरायचं, असा नियम. कलम ६४. "वहिनींच्या चकलीचे पैसे वहिनींचे," सीए म्हणाले, "तुमच्या एफडीचं व्याज तुमचं. त्या व्याजावर पुढे जे व्याज मिळेल, ते मात्र वहिनींचं." घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. बायको चकल्या तळत होती. झाऱ्यावरची चकली निथळत तिने विचारलं, "म्हणजे सरकारला कळतं की तुम्ही मला जे देता ते खरं दिलेलं नसतं?" मी एफडी मोडायला पुन्हा बँकेत गेलो. पुन्हा एक टक्का.

उरली आई. मुलाने आईला दिलेली भेट करमुक्त असते आणि तिथे क्लबिंगही नाही. आईला फॅमिली पेन्शन आहे. व्याज धरूनही ती चार लाखांच्या आत. १५ एच फॉर्म भरला की बँक टीडीएसही कापणार नाही. पुढे कुणाला शंका येऊ नये म्हणून सीए म्हणाले, रीतसर बक्षीसपत्र करा. मी सांगितलं, चांगलं कडक करा. त्यांनी पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर केलं. 'नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता', आणि त्याखाली 'सदर रकमेवर माझा यापुढे कोणताही हक्क राहणार नाही, ती परत मागण्याचा अधिकार मला नसेल'. आईने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाली, "हे लिहून द्यायला तुला इन्कम टॅक्स लागला होय रे?" मग तो कागद तिने देव्हाऱ्याच्या खणात ठेवला.

आता दाजींबद्दल. ताईच्या यजमानांचं अंबडला फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे, पाच-सहा कामगार. मोठ्या कंपन्यांना ब्रॅकेट आणि स्टँड करून देतात. बिलं तीन-तीन महिने अडकतात. कंपनीने पैसे दिलेले असोत वा नसोत, जीएसटी मात्र पुढच्या महिन्याच्या २० तारखेला आपल्या खिशातून भरायचा. २०२३ च्या अर्थसंकल्पात यावर उपाय आला, कलम ४३ बी (एच). सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, चुकतं केलं नाही, तर मोठ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी करता येतो. कायदा चांगला आहे, मी आजही म्हणतो. मी दाजींच्या मागे लागून उद्यम पोर्टलवर नोंदणी करून घेतली. फुकट होती. प्रमाणपत्र मीच लॅमिनेट करून दिलं आणि ते त्यांच्या शेडमध्ये गणपतीच्या फोटोखाली लावलं.

ते प्रमाणपत्र मार्चमध्ये एका कंपनीच्या खरेदी विभागाने पाहिलं. पुढच्या ऑर्डरी नोंदणी न केलेल्या दुसऱ्या एका पुरवठादाराकडे गेल्या. त्याला नव्वद दिवसांनी पैसे दिले तरी कर वाढत नाही आणि तो ४५ दिवसांची भाषाही बोलत नाही. दाजी मला कधीच टाकून बोलले नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "कायदा माझ्या बाजूने आहे हे खरंच बरं वाटतं हो. ऑर्डर त्यांच्या बाजूने आहे, एवढंच."

दिवाळीच्या तोंडावर पत्र्याच्या व्यापाऱ्याने त्यांना उधारी बंद केली. कामगारांचा बोनस द्यायचा होता. ताई आईशी बोलली आणि आईने एफडी मोडली. हा तिसरा एक टक्का. तिने सातच्या सात लाख दाजींना दिले. रीतसर, बँकेतून, कारण वीस हजारांवरचं कर्ज रोखीत देऊ नये हे मीच तिला कधीतरी ऐटीत सांगितलं होतं. आरटीजीएसचा फॉर्म माझ्या मुलीने भरून दिला, जिच्या शिक्षणासाठी ते पैसे होते. तिचं अक्षर चांगलं आहे.

मला कळलं भाऊबीजेला. मी आईला बाजूला घेऊन म्हटलं, "अगं, ते पैसे आपण..." आई देव्हाऱ्याकडे गेली आणि कागद घेऊन आली. चष्मा न लावताच तिने मधल्या ओळीवर बोट ठेवलं. सीएंना फोन केला तर ते म्हणाले, "तुम्हीच म्हणालात कडक करा."

एका बाबतीत मात्र मी निर्विवाद जिंकलो. एफडी नाही, त्यामुळे व्याज नाही, त्यामुळे उत्पन्न ११ लाख ८५ हजार आणि कर शून्य. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होणार, कलमांचे आकडे बदलणार, ८० सी आता १२३ होणार, असं कळल्यावर मी जुने आकडे पाठ करणं सोडून दिलं होतं. तरीही परवा जेवताना अभिमानाने सांगितलं की यंदा सरकारला मी एक पैसाही देणार नाही. ताई-दाजीही पानावर होते. धंद्याचं थोडं बरं चाललंय, एक जुनी कंपनी परत आली आहे, असं ते सांगत होते.

आईने मला भात वाढला, वरण घातलं आणि विचारलं, "पुढच्या वर्षी अजून किती कर वाचवायचाय तुला? जावईबापूंना वेल्डिंगचं नवं मशीन घ्यायचंय."