सात किलोंत पुसद कसं बसवावं?

पुसदहून विमानाने जाणाऱ्याने पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही, की पुसदहून विमानाने जाता येत नाही. विमानतळ नांदेडला नाहीतर नागपूरला. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेचे रूळही आमच्यापर्यंत पोचायचे आहेत. त्यामुळे पुसदकराचा विमानप्रवास एसटी स्टँडवर किंवा भाड्याच्या गाडीत सुरू होतो आणि पहिली चूक तिथेच होते. गाडीला डिक्की असते, पण डिक्कीला वजनकाटा नसतो. यवतमाळ, वर्धा, बुटीबोरी करत नागपूर येईपर्यंत आपलं सामान मापात आहे असंच सगळ्यांना वाटत राहतं.

पुतण्याला दुबईला पोचवायला गेलो तेव्हा मिळालेलं ज्ञान पुढील प्रवाशांच्या उपयोगासाठी कलमवार देत आहे.

कलम 1 : व्याख्या

केबिन बॅग म्हणजे आपल्यासोबत वर येते ती. देशातल्या विमानात साध्या वर्गाच्या प्रवाशाला अशी एक बॅग, सात किलोंपर्यंत. माप साधारण 55 बाय 40 बाय 20 सेंटिमीटर, म्हणजे आमच्याकडच्या पापडाच्या डब्याहून जरा मोठं. चेक-इन बॅग म्हणजे काउंटरवर टाकायची ती. देशात बहुधा 15 किलो.

तिसरा प्रकार कुठल्याच नियमात नाही, पण घराघरात आहे. तो म्हणजे पिशवी. गाडी सुरू झाल्यावर खिडकीतून आत सरकवली जाते ती. तिच्याबद्दल मोठ्या वहिनींचं मत स्पष्ट होतं : "हे काही सामान होय का? हे तं खायचं हाय." विमान कंपनीला हा फरक अजून समजलेला नाही. ती पिशवीलाही बॅगच म्हणते.

कलम 2 : वजन कसं करावं

वजनं तीन असतात : आईच्या अंदाजाचं, घरच्या काट्यावरचं आणि काउंटरवरचं. पहिल्या दोहोंत बरंच अंतर असतं आणि तिसरं कुणालाच मान्य नसतं.

घरी माणसं मोजायचा काटा असेल तर बॅग घेऊन उभं राहावं, मग बॅगेविना, आणि वजाबाकी करावी. आमच्याकडे दादांनी हा प्रयोग केला. बॅग बावीस किलो निघाली. दादांचं स्वतःचं वजन किती निघालं ते त्यांनी अद्याप जाहीर केलेलं नाही, मात्र त्या दिवसापासून ते सकाळी पूस नदीपर्यंत चालत जातात.

खरं तर हे शास्त्र आमच्या तालुक्याला नवं नाही. हा बंजारा मुलूख. वसंतराव नाईक ज्या गहुलीत जन्मले, ती इथलीच. रेल्वे येण्याआधी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून शेकडो कोस जात, त्याला लदेणी म्हणत. गोणीच्या दोन बाजू सारख्या भराव्या लागत, नाहीतर बैल दोन पावलांत हिशेब सांगे. काउंटरवरचा माणूस तेच काम करतो, फक्त शिंग उगारत नाही. पावती फाडतो.

कलम 3 : तिकीट वाचावं

हे कलम सगळ्यांत महत्त्वाचं, म्हणून कुणी वाचत नाही. पुतण्याचं मुंबई–दुबई तिकीट तीस किलोंचं होतं. पण नागपूर–मुंबई तिकीट नंतर वेगळं काढलं होतं आणि ते पंधरा किलोंचं. एकाच तिकिटावर दोन्ही प्रवास असते तर बहुधा परदेशाचंच माप पहिल्यापासून लागू झालं असतं. दोन तिकिटं काढली की विमान कंपनीच्या दृष्टीने माणूस मुंबईत संपतो आणि नव्याने सुरू होतो.

काट्यावर बावीस. सात किलो जास्त.

मग तो विधी झाला, जो प्रत्येक विमानतळावर रोज होतो. फरशीवर बसून बॅग उघडणं. चारशे अनोळखी लोकांसमोर आमच्या घरची कुरडई, ज्वारीचे पापड, सरगुंडे, जवसाची चटणी आणि दोन बनियन बाहेर आले. पुतण्या एकेक वस्तू उचलून "हे राहू दे का?" विचारी. वहिनी फोनवर होत्या. प्रत्येक वेळी त्यांचं एकच उत्तर : "बनियन काढ."

कलम 4 : काय कुठे

घरातला नियम असा की मोलाचं हातात, बाकीचं खाली. विमानाचा नियम जरा निराळा आहे.

*पॉवर बँक :* हातातच. चेक-इनमध्ये चालत नाही, कारण लिथियमची बॅटरी खाली पेटली तर तिथे हात पोचत नाही. वर पेटली तर कर्मचारी विझवू शकतात. मर्यादा 100 वॉट-तास. अंगावर लिहिलेल्या मिलिअँपिअर-तासांना हजाराने भागून 3.7 ने गुणावं. वीस हजारवाली 74 भरते, म्हणजे चालते.

*अडकित्ता, विळी, कातर :* खाली.

*काडेपेटी, लायटर :* वर नाही, खालीही नाही. घरी.

*सुकं खोबरं :* हे वाचून आजीने चष्मा काढून पुसला. विमानाच्या धोकादायक मालाच्या यादीत खोबरं आपोआप तापणाऱ्या पदार्थांत मोडतं. त्यात तेल फार असतं आणि ढीग करून ठेवलं तर ते आतल्या आत तापत जातं. थोडक्यात, अडकित्ता विमानात जाऊ शकतो, खोबऱ्याची वाटी नाही. आजीचा आक्षेप : "खोबरं पेटते म्हणे! साठ वर्सं चुलीजवळच्या फडताळात ठेवलं, कधी धूर नाही निघाला त्याचा."

*लोणचं :* परदेशी प्रवासात हातातल्या बॅगेत द्रव न्यायचा तर बाटली 100 मिलिलिटरची, आणि अशा सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. 2006 साली लंडनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघड झाला, तेव्हापासूनचा हा कडकपणा. फोड घन आणि खार द्रव, हा युक्तिवाद करून वेळ घालवू नये. लोणचं खालीच टाकावं. बरणीच्या तोंडावर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर झाकण, झाकणावर चिकटपट्टी, मग तीन पिशव्या, मग जुना टॉवेल. एवढं करूनही तेल जायचं तिथे जातंच, आणि ते नेहमी मुलाखतीच्या शर्टाकडेच जातं.

कलम 5 : पलीकडचा दरवाजा

आपल्या विमानतळावरून सुटलं म्हणजे सुटलं असं नाही. संयुक्त अरब अमिरातींत खसखशीला बंदी आहे आणि ती गमतीची नाही, अमली पदार्थांच्या कायद्यातली आहे. वहिनींनी अनारशांचा डबा भरला होता. प्रत्येक अनारशाची एक बाजू खसखशीत लोळवलेली. तो डबा पुसदलाच राहिला आणि दादांच्या सकाळच्या चालण्याचा सगळा परिणाम त्याने दोन दिवसांत धुऊन काढला.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी तांदूळ नेऊ नये. 2011 पासून भारतातून प्रवाशाच्या सामानात तांदूळ चालत नाही. कारण खपरा नावाचा भुंगा. नाव आपलं, मूळही इकडचंच, आणि त्याला व्हिसा न देण्याबद्दल ते फार कडक आहेत.

कलम 6 : बॅग हरवली तर

टॅगवर विमानतळाची तीन इंग्रजी अक्षरं असतात. नागपूरची वाचली तर 'नाग' होतं. आजीने ते ऐकून बॅगेला नमस्कार केला. नागपूरला सामान इकडचं तिकडे करण्याचा अनुभवही जुना. 1949 मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासची विमानं मध्यरात्री इथे जमत, पोती बदलत आणि पहाटेला आपापल्या गावी परतत.

ओळखीसाठी बॅगेला लाल रिबीन बांधू नये. बेल्टवरच्या निम्म्या बॅगांना तीच असते. बॅग आलीच नाही तर विमानतळ सोडण्याआधी तक्रार लिहून घ्यावी आणि टॅगचा तुकडा जपावा. देशात भरपाई 20,000 रुपयांपर्यंत. परदेशी प्रवासात डिसेंबर 2024 पासून मर्यादा 1,519 एसडीआर. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं मोजमाप आहे. जवसाच्या चटणीचा त्यातला भाव नाणेनिधीने अजून काढलेला नाही.

कलम 7 : परतीचा प्रवास

वर्षाने पुतण्या सुट्टीवर निघाला. आदल्या रात्री वहिनींनी फोनवर तब्येत विचारली नाही, नोकरी विचारली नाही. म्हणाल्या, "डबे हातातल्या बॅगेत आण. खाली नको टाकू, हरपतात."

त्याने ऐकलं. नवे बूट आणि साहेबी कोट खाली टाकले. वर, केबिनमध्ये, स्टीलचे चार डबे, प्रत्येकाच्या बुडाला वहिनींच्या लग्नाची तारीख कोरलेली. तपासणीत बॅग उघडायला लावली. तिथल्या माणसाने डबा हलवून पाहिला. आत खजूर, कारण डबा रिकामा परत द्यायचा नसतो, हे दुबईतही लागू आहे.

घरी आल्याबरोबर दादांनी काटा काढला. केबिन बॅग सहा किलो आठशे भरली.

उरलेल्या दोनशे ग्रॅमची जागा वाया गेली म्हणून वहिनी अजून हळहळतात.