मानेचा पट्टा आणि तेरा फूट सात इंच

२०१९च्या जानेवारीत माझ्या गळ्यात पट्टा होता. मानेच्या मणक्यांनी संप पुकारलेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, ‘‘डावी-उजवीकडे मान वळवायची नाही. कुणी हाक मारली तर अख्खं वळायचं.’’ आठवडाभर मी घरात एसटीसारखा वळत होतो. नेमकी तेव्हाच भाच्याने बालेवाडीच्या टेनिस फायनलची दोन तिकिटं आणून दिली. मान न वळवता टेनिस बघायचं, म्हणजे चिरोट्यांच्या पंगतीला बसून मधुमेह सांभाळायचा!

पण फुकटचं तिकीट आणि महाराष्ट्र ओपन. चेन्नईत कित्येक वर्षं चाललेली ही एटीपी २५० स्पर्धा २०१८मध्ये पुण्याला आली होती. अख्ख्या दक्षिण आशियात तेवढी एकच. शिवाय पेठेतल्या माणसाला बालेवाडी म्हणजे निम्मी मुंबई, तेव्हा प्रवासाचंही पुण्य पदरात पडणार होतं. ही पहाऱ्याला बरोबर आली.

समोर आले दक्षिण आफ्रिकेचा केविन अँडरसन, सहा फूट आठ इंच. आणि क्रोएशियाचा इवो कार्लोविच, सहा फूट अकरा. बेरीज तेरा फूट सात इंच. कार्लोविच पुढच्या महिन्यात चाळिशी पूर्ण करणार होता. हिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या पट्ट्याकडे पाहिलं. बोलली काहीच नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पहिली सर्व्हिस पडली आणि माझी मान सवयीने वळायला निघाली. ‘‘मान!’’ ही ओरडली. उंच खुर्चीतल्या पंचांनी शांतता राखण्याची विनंती केली. मराठीत दटावण्यावर इंग्रजीत दटावणी झाल्याचा आमच्या घराण्यातला हा पहिलाच प्रसंग.

नंतर मात्र तशी वेळच आली नाही. हार्ड कोर्ट म्हणजे खाली डांबर किंवा काँक्रीट, वर अ‍ॅक्रिलिकचे थर. थोडक्यात, रंगवलेलं पार्किंग. मातीच्या कोर्टावर चेंडू टप्पा घेताना जरा दम खातो, इथे तो सटकतो. त्यात तो पहिल्या मजल्यावरून आलेला. डावीकडे ठक्क, उजवीकडे मागच्या कापडावर धप्प, टाळ्या. परत यायचा प्रश्नच नाही! मी नजर जाळ्यावर रोखून नुसत्या कानांनी सामना बघत होतो. शेजारचे काका दर वेळी मान वळवून रिकामे परतत होते.

तिन्ही सेट टायब्रेकला गेले. ७-६, ६-७, ७-६. तिसऱ्यातला टायब्रेक ७-५ असा अँडरसनने घेतला. इतकी ताणाताणी होऊनही माझ्या मणक्यांना काडीचा त्रास नाही. मानेच्या रुग्णांना हाच सामना लिहून द्यायला हवा, असं माझं मत झालं.

घात नंतर झाला. कार्लोविच आमच्या कठड्याजवळून गेला आणि चेहरा बघावा म्हणून मी वर पाहिलं. कट्ट! डॉक्टरांनी डावी-उजवीकडेच म्हटलं होतं. वरचं काही बोलले नव्हते.

पट्टा आणखी तीन आठवडे राहिला. ती स्पर्धा २०२३नंतर बालेवाडीत झालेली नाही. पट्टा कपाटाच्या वरच्या फळीवर आहे, आणि वर बघायला मी तयार नाही. कुणाला हवा असेल तर येऊन काढून न्यावा. एका बाजूचं वेल्क्रो सैल आहे, आधीच सांगतो.