आभारअप्पा

भालकीच्या वाचनालयात पहिल्यांदाच व्याख्यानाला आलेल्या पाहुण्याची हमखास फसगत होते. तो बोलायला उभा राहतो तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. तो बोलत असताना माणसं एकेक करून येत राहतात. त्याचं संपत येतं तेव्हा दाराशी चपलांचा ढीग साचलेला असतो आणि खिडकीच्या गजाला पोरं लोंबकळत असतात. बिचाऱ्याला वाटतं, आपण रंगलो. तो घड्याळाकडं बघून आणखी दहा मिनिटं घेतो. मग निवेदक म्हणतो, "आता आभारप्रदर्शन," आणि सगळं सभागृह सावरून बसतं.

आभारअप्पा उठतात.

शाळेच्या दाखल्यावर त्यांचं दुसरं काही नाव असणारच, पण ते आता पेन्शनच्या कागदापुरतं उरलंय. सगळी नोकरी तहसील कचेरीत, आवक-जावकच्या टेबलावर गेली. त्यामुळं आलेली वस्तू नोंदल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. कार्यक्रमाला ते सगळ्यांच्या आधी येतात आणि दाराजवळची खुर्ची धरतात. कोण आलं, किती वाजता आलं, हातात काय घेऊन आलं, हे सगळं निमंत्रणपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उतरत जातं. व्याख्यानाचा एक शब्द त्यांच्या कानात शिरत नाही. एकदा मी विचारलं, "अप्पा, कसं झालं व्याख्यान?" म्हणाले, "चांगलंच झालं की वो. यंदा सतरंजी नवी होती."

उदगीर ही अप्पांची सासुरवाडी. भालकी आणि उदगीर एकाच रेल्वेमार्गावर आणि एके काळी एकाच बिदर जिल्ह्यात. 1956 च्या 1 नोव्हेंबरला जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि भालकी म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, आली. या वाटणीबद्दल इकडं अजून पुष्कळ बोललं जातं, पण अप्पांचं दुःख वेगळंच. तिकडं वाचनालयाला कार्यकारिणी असते! महाराष्ट्राच्या 1967 च्या कायद्यानं तिथली बहुतेक वाचनालयं संस्थाच चालवतात. सरकार त्यांना अ, ब, क, ड असा वर्ग लावून अनुदान देतं. म्हणजे अध्यक्ष आले, उपाध्यक्ष आले, कार्यवाह, कोषाध्यक्ष, झालंच तर सल्लागार. आभाराची यादी छापूनच मिळते. आमच्याकडं 1965 च्या कायद्यानं वाचनालय सरकारी खात्याचं. एक ग्रंथपाल, आणि त्याच्या डोक्यावर थेट वरची कचेरी. आभार मानायचे तर कोणाचे?

अप्पांनी हा प्रश्न कायदा वाचूनच सोडवला. (तो त्यांनी पूर्ण वाचलाय. वाचनालयातलं दुसरं कुठलं पुस्तक त्यांनी पूर्ण वाचल्याचा पुरावा नाही.) कर्नाटकात मालमत्ता कराच्या रुपयामागं सहा पैसे ग्रंथालय उपकर म्हणून घेतात, महाराष्ट्रात असा उपकरच नाही. म्हणजे वाचनालयाचे आश्रयदाते म्हणजे अख्खं गाव. तेव्हापासून अप्पांच्या आभाराची सुरुवात ठरलेली. "ज्यांनी ज्यांनी यंदाचा घरकर भरला, त्यांच्या सहा पैशांचे आभार. ज्यांनी भरला नाही, ते निदान इथं येऊन बसले, त्यांचेही. खिडकीजवळ बसलेत ते." खिडकीजवळचे चुळबुळतात. व्याख्यानमालेमुळं करवसुली वाढली की नाही, हे काही मला सांगता येणार नाही. खिडकीजवळच्या जागा मात्र आता सगळ्यात शेवटी भरतात.

नोव्हेंबरातला ग्रंथालय सप्ताह, 14 ते 20, ही अप्पांची दिवाळी. 12 ऑगस्टला ग्रंथपाल दिन असतो, तेव्हा रंगनाथनांचे आभार. रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, अशी. अप्पांनी त्यांत सहावं घातलंय: प्रत्येक खुर्चीला तिचा मालक असतो. कारण वाचनालयाच्या खुर्च्या वाचायला बसण्यापुरत्याच. कार्यक्रमाच्या खुर्च्या शामियानावाल्याच्या, माइक भजनी मंडळाचा, सतरंजी गणपती मंडळाची, समई कुणाच्या तरी देवघरातली, आणि पाण्याचे जार ज्याच्याकडं लग्न नुकतंच उरकलंय त्याच्याकडचे. पाहुण्याला दिसतं ते वाचनालय. अप्पांना दिसते ती उधारी.

अप्पा जुनी उधारीही सोडत नाहीत. हिरेमठाचे चन्नबसव पट्टद्देवरु यांनी निजामाच्या काळात बाहेर उर्दूची पाटी लावून आत कन्नड शिकवलं, ही गोष्ट भालकीत पोराटोरांना ठाऊक आहे. अप्पा घरात मराठी बोलतात, पण या एका नावापाशी आले की कन्नडमध्ये शिरतात आणि दोन वाक्यं तरी चुकीच्या विभक्तीत बोलून येतात. कोणी हसत नाही. पुढं नंबर लागतो बहमनी वजीर महमूद गावानचा. त्यानं 1472 साली बिदरला मदरसा बांधला, तिथल्या ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखितं होती असं सांगतात. आणि 1481 साली सुलतानानं एका बनावट पत्रावरून त्याचंच डोकं उडवलं. कोऱ्या कागदावर गावानचा शिक्का मारून घेऊन शत्रूंनी वर मजकूर रचला होता. या जागी अप्पांचा आवाज चढतो. राग सुलतानावर नसतोच. "कोऱ्या कागदावर शिक्का मारून देणारा तो कारकून कोण होता?" ते सभेला विचारतात. "जावक क्रमांक कुठाय त्या पत्राला?" बहमनी राज्य बुडालं ते जावक रजिस्टर नीट न ठेवल्यामुळं, असं त्यांचं ठाम मत आहे. यावर एखाद्या इतिहास संशोधकानं काम करायला हरकत नाही.

भाषेचा प्रश्न अप्पांच्या आभारात पडत नाही, कारण ते तिन्ही वापरतात. कन्नड, मराठी, उर्दू अशी मिळून कविगोष्ठी असते, तेव्हा ते "माननीय", "सन्मान्यरु" आणि "जनाब" ही तिन्ही बिरुदं एकाच नावाला लावतात. मागून कोणीतरी "साकु (पुरे) अप्पा, साकु" म्हणतं, दुसरा ओरडतो, "अप्पा, चाय थंडी होरई!" अप्पा त्या दोघांचेही आभार मानतात. मागं म्हैसूरकडून बदलून आलेले एक तरुण ग्रंथपाल होते. त्यांना मराठीचा गंध नव्हता. ते मराठी शिकले ती अप्पांचं ऐकून ऐकून. शुक्रवारी बाजारात भाजीवालीला म्हणाले, "सर्वप्रथम दोन जुड्या मेथी द्या, मी आपला ऋणी आहे." बाईनं तिसरी जुडी फुकट दिली.

आता वाचनालयात नुसती व्याख्यानं होत नाहीत. मोठ्या माणसांसाठी कायदेविषयक माहिती असते, तुरीवरच्या किडीवर कोणी बोलतं, मोबाइलवरून पैसे कसे पाठवायचे ते शिकवतात. अप्पांसाठी सगळं सारखंच. मधुमेहाच्या शिबिरात डॉक्टर थोडक्यात बोलून थांबले आणि अप्पांनी एक किलो पेढे पाठवल्याबद्दल मिठाईवाल्याचे आभार मानले. पेढे डॉक्टरांच्या देखत वाटले गेले. मोबाइलच्या वर्गात तर कहर झाला. शिकवणारा मुलगा घसा फोडून सांगून गेला की ओटीपी कोणाला सांगू नका. शेवटी अप्पा उठले आणि ज्या आजींनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं एक रुपया पाठवला त्यांचं कौतुक करत म्हणाले, "आणि त्यांना आलेला क्रमांक होता..." माइक भजनी मंडळाचा असल्यामुळं ऐन वेळी बंद पडला. आजींचे पैसे वाचले. अप्पांनी माइकचे आभार मानले.

त्यांना एकदाच कोणी निरुत्तर केलं. यादीत शामियानावाला झाला, वायरमन झाला, रिक्षावाला झाला, तेव्हा पहिल्या रांगेतून निवृत्त शिक्षिका बाई उठल्या. "अप्पा, पाहुण्याला जेवू घातलं ते कुणी? भाकरी काय वायरमननं भाजल्या?" अप्पांनी पत्रिका उलटीपालटी करून पाहिली. तिथं भाकरीची आवकच नव्हती. पुढच्या कार्यक्रमापासून यादी स्वयंपाकघरातून सुरू होते, आणि भाकरी ज्वारीची होती का बाजरीची, हेही सांगितलं जातं.

2022 च्या एप्रिलात उदगीरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, पंच्याण्णवावं. अध्यक्ष भारत सासणे होते. भालकीतून पुष्कळ लोक गेले, कोणी भाषण ऐकायला, कोणी पुस्तकं घ्यायला. अप्पा तिन्ही दिवस सासुरवाडीत मुक्काम ठोकून होते. परतल्यावर मी चौकशी केली. म्हणाले, "मांडव भव्य होता. पण एवढ्या खुर्च्या कुणाच्या, ते शेवटपर्यंत कळलं नाही." आणि खरोखर अस्वस्थ दिसले.

गेल्या पावसाळ्यात अप्पांचा घसा बसला. डॉक्टरांनी बोलायची बंदी केली. आभाराचं काम एका तरुण प्राध्यापकाकडं आलं. हुशार मुलगा, वेळेचं मोल जाणणारा. तो उठला, "ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार" म्हणाला आणि बसला. लोक बसूनच राहिले. त्यांना वाटलं, माइक बंद पडला असेल. पाहुणे मात्र खूश होऊन गेले, असा आटोपशीर कार्यक्रम आपण पाहिला नाही म्हणाले.

पुढच्या व्याख्यानाला खुर्च्या आल्या नाहीत. ग्रंथपाल शामियानावाल्याकडं गेले तर तो हिशेब लिहिता लिहिता म्हणाला, "सर्वांचे आभार मानले न्हवं? मग सर्वांकडनं घ्या की खुर्च्या." भजनी मंडळाचा माइक दुरुस्तीला गेला होता. सतरंजी धुवायला टाकली होती. बाईंनी निरोप धाडला की अज्ञातांना भाकरी भाजता येत नाहीत. व्याख्यान पुढं ढकललं.

अप्पांचा घसा सुटल्यावर नवी तारीख ठरली, तेव्हा त्यांनी एकच अट घातली: आधी थकबाकी. मागच्या कार्यक्रमाचे आभार राहिलेत, ते दिल्याशिवाय नवी आवक घेणार नाही. ग्रंथपालांना घाई होती, ते हो म्हणाले. त्या संध्याकाळी खुर्च्या आल्या, माइक आला, सतरंजी वाळली. कलबुर्गीहून आलेले वक्ते व्यासपीठावर बसले, दीपप्रज्वलन झालं आणि अप्पांनी थकबाकीला हात घातला. नगरपालिकेच्या शिपायापर्यंत आले तेव्हा वक्त्यांनी घड्याळ पाहिलं. महमूद गावानपाशी आले तेव्हा वक्ते उठले. ग्रंथपालांच्या कानात म्हणाले, शेवटची बस आहे. हात जोडून, सतरंजीच्या कडेकडेनं ते दारापर्यंत गेले.

अप्पांनी पत्रिकेवर वेळ टिपली. "पाहुणे वेळेवर निघाले," ते माइकमध्ये म्हणाले, "त्याबद्दल त्यांचेही आभार. आणि त्यांना मोटारसायकलवरून स्टँडपर्यंत सोडायला कोण जातंय, त्यानं जरा हात वर करा. नाव लिहायचंय."

पाच हात वर झाले.