जावई पळाला!

अहो, ऐकलंत का? या, जरा इकडे या. कुंपणाला टेकू नका मात्र, कालच रंग दिलाय आमच्यांनी. समोरच्या वहिनी आल्या हो परत! रविवारी रात्री. गाडी बघितलीत? चाकांना लाल माती तशीच आहे अजून. मी काही चौकशीला गेले नव्हते बरं का, विरजण मागायला गेले होते. आता विरजण देता देता माणूस बोलायला लागलं, तर आपण काय कान बंद करायचे?

त्यांच्या जावयाचं तुम्हाला ठाऊकच आहे. चाळिशी लागली आणि धावायचं वेड घेतलं. साताऱ्याची ती हिल मॅरेथॉन असते ना, यवतेश्वरच्या घाटातली, 21 किलोमीटर, तिचं म्हणे ट्रेनिंग. एक अख्खी बॅग नुसत्या बुटांची! वहिनी म्हणाल्या, "बूट डिकीत आणि लोणच्याच्या बरण्या माझ्या मांडीवर." खंबाटकीला तासभर गाडी अडकली, तेवढा वेळ बरण्या मांडीवरच. सासूच्या मांडीचं ट्रेनिंग झालं ते वेगळंच.

पहिला मुक्काम साताऱ्याला, वहिनींच्या नणंदेकडे. ती नणंद... जाऊ दे, लग्नातलं मानपानाचं आपल्याला माहितीच आहे. तर तिने पहाटे उठून केळं घालून शिरा केला. आणि जावई चारलाच घाट चढायला बाहेर! सातला आले, घामाने निथळत, आणि म्हणाले, "साखर बंद केलीय." शिऱ्यातलं केळं तेवढं चालेल का म्हणाले. अहो, शिऱ्यातलं केळं वेगळं काढायचं कसं? नणंदेचा चेहरा असा पडला म्हणता!

पण तीही वस्ताद. वहिनींच्या मुलीने मोबाइलवर कासच्या पठाराचे फोटो पाहिले होते, निळी-जांभळी फुलं. म्हणाली, चला कासला. मे महिन्यात! तिथे फुलं येतात पाऊस पडून गेल्यावर, ऑगस्ट-सप्टेंबरात. साताऱ्यात जन्म गेलेल्या बाईला हे माहीत नाही होय? पण एक अक्षर बोलली नाही. वर थर्मास भरून दिला आणि म्हणाली, सावकाश बघून या. वर जाऊन बघतात तो काळा कातळ आणि वाळकं गवत. 2012 साली युनेस्कोच्या यादीत गेलं म्हणून काय वैशाखात फुलणार आहे? मग तिथून ठोसेघरचा धबधबा. तोही कोरडा ठणठणीत. संध्याकाळी घरी आल्यावर नणंद काय विचारते, "कशी होती हो फुलं?"

मी तर हसून हसून... तर काय सांगत होते? हां, माहेर. कराडवरून कुंभार्ली घाट उतरले, नातीला गाडी लागली, चिपळूणपर्यंत दोनदा थांबावं लागलं. ते सोडा, खरी गंमत पुढे आहे.

वहिनींचं माहेर मालगुंडला. भावाची हापूसची कलमं आहेत. पहिल्याच रात्री जेवणं झाल्यावर मंडळी ओटीवर बसली आणि जावई बोलून गेले, "पुण्यात मार्केट यार्डात याहून स्वस्त मिळतो." बागायतदाराच्या ओटीवर बसून, हो! मामा म्हणाले, "तो कर्नाटकचा असेल." हे म्हणाले, "चवीत फरक कळत नाही हो." झालं. मामांचा आवाज चढला, जावयांचाही चढला. आणि कोकणातली रात्र, शेजारच्या आगरापर्यंत सगळं लख्ख ऐकू गेलं.

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला जावई निघाले धावायला. कोणाला न उठवता, आखूड चड्डी आणि लाल बनियनवर. आता सांगा, वाडीतल्या माणसांनी काय समजायचं? दूधवाल्याने विचारलं, काय हो, कोणाचं काही बरंवाईट? कानात ते बोंडूक, ऐकू कुठलं येतंय! एका स्कूटरवाल्याने गाडी थांबवली, बसा, सोडतो म्हणाला. नुसता हात हलवला आणि पुढे. मग दुसरा थांबला. तिसरा तर म्हणे शंभर पावलं बरोबर चालवत राहिला, भल्या माणसाला राहवेना. यांनी त्यालाही नाही म्हटलं. गणपतीपुळ्यापर्यंत बातमी यांच्याआधी पोचली, की मामांकडचा जावई आंब्यावरून भांडून पळाला आणि गाडीतसुद्धा बसत नाही, इतका रागावलाय!

मामी अंगणात सडा घालत होत्या. शेजारीण येऊन हळूच विचारते, "जावयांना चहा तरी दिला होतात ना निघताना?" मामींच्या हातातली बादली तशीच. मामांचं तोंड आमसुलासारखं झालं. वहिनी तर रडायलाच लागल्या, आणि मुलगी आत गाढ झोपलेली. उठवलं तर म्हणते, "लाँग रन असेल," आणि कूस बदलली.

मग मामांचे दोन पुतणे मोटारसायकलवर सुटले. भंडारपुळं ओलांडून पुढे सापडले जावई, झाडाखाली वाकून उभे. घाटावर घाम निदान वाळतो, कोकणात वाळतो कुठे? हवेतच इतका दमटपणा, अंग तापलं की निववायला काही उरत नाही. पुतण्यांनी धरून मध्ये बसवलं आणि आणलं. तिघं एका गाडीवर, मध्ये जावई! अख्ख्या मालगुंडने बघितलं. आणि यांना दुःख कशाचं? घड्याळात 21 झाले नाहीत याचं.

दुपारी वातावरण निवळावं म्हणून रत्नागिरीला थिबा राजवाडा बघायला गेले. ब्रह्मदेशचा राजा हो, 1885 साली इंग्रजांनी राज्य घेतलं आणि त्याला इथे आणून ठेवलं. वाडा बांधून व्हायला 1910 साल उजाडलं, आणि 1916 ला बिचारा गेलाच. त्याच्या थोरल्या राजकन्येचं तर वाड्यावरच्याच नोकराशी... हो, हो, खरंच! मुलगी झाली, टूटू नाव. रत्नागिरीतच तिचा संसार झाला, मराठी बोलायची म्हणे. वहिनींना हे सगळं सांगायचं होतं, पण कोणी कोणाशी बोलेचना. शेवटी मामा एका दालनात उभे राहिले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "हा राजा तीस वर्षं राहिला इथे. पळाला नाही."

जावयांना हसू फुटलं, मग मामांनाही. येताना गाडीत दोघं पुढे शेजारी बसले आणि चार पेट्या घेतल्या जावयांनी. मामांच्या भावाने, बरं का!

त्यातले सहा आंबे मला दिले वहिनींनी. दोनांत साका निघाला, पण तुम्ही बोलू नका हं कुठे. मामींनी पुढच्या मेचं आमंत्रणही दिलंय. अट एवढीच घातलीय, की धावायचं तर पायजमा घालून.